सहभागी निरीक्षण

बिडवई मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
दोन वह्या कर.
एकीत ते काय करतात ते लिही,
दुसरीत तुला काय वाटलं ते.
दुसरी मला दाखवू नकोस.

नारायण पेठ, तिसरा मजला, कॉटबेसिस.
तिघींत एक टेबल, माझी पाळी रात्री दहानंतर.
मोबाईल डब्याला टेकवून मी शिरते त्या खोलीत
जिला दार नाही, भाडं नाही,
आणि बोलायचं नाही हा एकच नियम.
एकोणीस चौकटी, चेहरा कुणाचाच नाही.
हात, वही, चहाचा गोल डाग.
पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी,
सुट्टीतही कुणी टाइप करतं, "जेवले."
कुणी, "भिंतीवर पाल आहे." एवढंच.

मी त्यांना आकडे दिले, तशी पद्धतच आहे.
स-चार : डावखुरी, नर्सिंगची,
हाडांची नावं स्वतःच्याच मनगटावर शोधते.
स-नऊ : उत्तर लिहितो आणि लगेच खोडतो.
वहीखाली दोन जुनी हॉलतिकिटं, म्हणजे हा तिसरा प्रयत्न.
स-सहा : अजून शाईचं पेन, काचेची दौत.
स-तेरा : मागे बाळ रडतं,
हात चौकटीबाहेर जातो,
पेन उघडंच पडून राहतं.
तो हात परत येईपर्यंत
माझंही पान उलटत नाही.
हे दुसऱ्या वहीत लिहिलं.

जयकर ग्रंथालयात बसून
समुदाय म्हणजे काय याच्या सात व्याख्या उतरवल्या.
प्रत्येकीत जागा लागते, नाहीतर नातं,
नाहीतर निदान भांडण तरी.
आमच्याकडे,
त्यांच्याकडे,
यातलं काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत रिचार्ज संपला.
घरून पैसे यायला दोन दिवस.
टेबल मोकळं, दिवा चालू, पुस्तक उघडं,
आणि एक पान पुढे सरकेना.
उदगीरला मी चुलीशेजारी बसून वाचायचे,
भावंडांच्या गोंगाटात, एकटीच.
मग हे काय झालं मला?

तिसऱ्या रात्री परत गेले.
वर लिहिलेलं होतं :
"हिरव्या झाकणाची बाटली दोन दिवस दिसली नाही."
खाली स-नऊ : "आजारी असेल?"
खाली स-तेरा : "परवा वही संपत आली होती तिची.
समासात लिहीत होती."

समासात.
कॅमेरा मी वहीपुरता लावला होता.
बाटली कधी आत आली, कळलंच नाही.

त्या दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं,
प्रबंध, आकडे, मॅडम,
आणि ते संमतीपत्र, जे आधीच द्यायला हवं होतं.
"मी तुमचा अभ्यास करतेय."
बराच वेळ एकही हात हलला नाही.
कुणाच्या तरी पंख्याने पानं फडफडली.
मग स-चार :
"कर की. इथं दुसरं काय करतो आपण?"
स-नऊ : "माझं काय लिहिलंस? पास होईन का?"
स-सहा काही न बोलता गेला. परत आला नाही.
त्याच्या सगळ्या नोंदी मी काढून टाकल्या, तो त्याचा हक्क.
दौत मात्र इथे राहिली, या कवितेत.
ती कुठे ठेवायची, मला अजून सुचलेलं नाही.

मॅडमनी पहिली वही वाचली.
सत्तेचाळिसाव्या पानावर "आम्ही"भोवती लाल गोल,
समासात प्रश्न : आम्ही म्हणजे कोण?
मी दुरुस्ती करते म्हणाले.
अजून केलेली नाही.

काल रात्री अकराच्या सुमारास
स-तेराच्या चौकटीत एक नवा हात आला,
लाळेने ओला, मूठभर,
थेट वहीवर.
अठरा पेनं थांबली.
त्याला अजून आकडा दिलेला नाही.